बांध सरळ दिसेपर्यंत

कानपूर, २२ नोव्हेंबर १९७०

अमजद्या,

तुला आणि मुबारकचाचांना गेनूचा रामराम. फोटो पोचला. टपालवाल्यानं पाकिटाला मधोमध घडी घातली, पर घडी आमच्या म्हाताऱ्याच्या मुंडाशावरनं गेली, खाचराला काय झालं न्हाई. तू भोरचा स्टुडिओ सोडून माझ्यासाठी यष्टीनं पासलीला गेलास, काळं फडकं डोक्यावर घेऊन घराकडनं आमच्या भाताच्या खाचराच्या तोंडाशी उभा राहिलास, तुझे उपकार हायेत. आता त्या फोटोत काय दिसलं ते ऐक.

डावीकडं आमची ताल, दगड रचून घातलेली भिंत. उजवीकडं सोनबांचा आणि आमचा सामाईक बांध. तुझ्या पायापाशी खाचर ऐसपैस, चार बैलजोड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढं. आणि पार तिकडं उंबरापाशी? म्हशीच्या शेपटागत निमुळतं. ताल आणि बांध एकमेकाला टेकायचेच काय ते राहिलेत. उंबराखाली लहानपणी आमी आट्यापाट्या खेळायचो. आता तिथं दोन पोरं गोट्या खेळायला बसली तर गुडघ्याला गुडघा लागंल.

ताल दगडाची, ती काय चालत न्हाई. मग कोण चाललं? बांध. आणि बांध कुणाच्या बाजूनं चालला, ते तुला सांगायला नको. आमचे होणारे सासरे दरसाली नांगराच्या एकेका तासानं आत सरकत आले. लोक धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून वाढतात. ह्यांनी जावयाचं ताट लग्नाआधीच चाटायला घेतलं.

सुपारी फुटली तवा म्या मान हालवली होती. गीतावर माझा राग न्हाई, पोरगी बरी हाय. पर तिच्या बापाचं बघितलं पाहिजे. माझ्या बापाला, दादांना, कालच पत्र टाकलंय, घरातली फोटोची प्रत नीट बघा, सोनबांनी काय केलंय ते दिसंल.

तू म्हणशील, कानपुरात बसून ह्याला पासलीचा बांध कसा कळला. अरे, म्या आता कॉम्प्युटर खात्यात हाय. हितल्या मोठ्या कॉलेजात खोलीएवढं मशीन हाय, त्याला माणसापरीस जास्त गार वारा लागतो. भोरच्या हॉटेलात कपबश्या विसळणारा गेन्या आता राहिला न्हाई. बारीक बघायची सवय लागलीय.

उत्तर टाक.

गेनू


भोर, २ डिसेंबर १९७०

गेन्या,

कॉम्प्युटर खात्यातल्या साहेबांना भोरच्या फोटोवाल्याचा सलाम. अब्बा विचारतायत, खात्यात तू मशीन चालवतोस की मशीनला वारा घालतोस.

तुझं पत्र वाचून मी स्टुडिओत मोठ्यानं हसलो. समोर एक गिऱ्हाईक केस विंचरत बसलं होतं. त्याला वाटलं मी त्याच्या तोंडाकडं बघून हसतोय, ते उठून गेलं. त्याचं पाप तुझ्या माथी.

अरे येड्या, फोटोत लांबचं बारीकच येतं. शाळेचा ग्रुपफोटो काढला की मागं उभ्या ड्रिलमास्तरचं डोकं पुढं मांडी घालून बसलेल्या पोरापेक्षा लहान येतं, म्हणून काय पोरानं मास्तरची अक्कल खाल्ली? शिरवळच्या सडकेवर उभा राहून बघ, दोन्ही कडा पुढं जाऊन चिकटलेल्या दिसतात. तरी यष्टी जाते ना त्यातून?

पण माझं हसू परवा आटलं. साहेबरावकाका स्टुडिओत आले. तुझं पत्र मुंडाशात, फोटो कोपरीच्या खिशात.

"अमजद, ह्यात बांध वाकडा दिसतोय का सरळ?"

"दिसतोय वाकडा काका, पण आहे सरळ."

"म्हंजे तुझा फोटो खोटं बोलतोय?"

आता इथं मी अडकलो. बाहेर पाटीवर अब्बांनी रंगवून घेतलंय, 'हुबेहूब फोटो काढून मिळतील.' बाकावर माणसं बसलेली, त्यात एक नवरी. फोटो खोटं बोलतो असं मीच म्हणालो तर उद्यापासून दुकानात माश्या मारायच्या. मी म्हणालो, "खोटं नाही काका. फोटो आपल्या जागेवरून खरं बोलतो."

"मग झालं तर," म्हणाले आणि उठले. "लेकानं इतक्या लांबनं वळखलं. आमी रोज तुडवत होतो तरी दिसलं न्हाई."

निम्मं ऐकून उठायची तुमच्या घराण्याची रीत जुनी आहे. आता तू ताबडतोब त्यांना दुसरं पत्र टाक की माझं चुकलं. सोनबामामा सरळ माणूस आहे, आणि तुझं लग्न वैशाखात धरायचं चाललंय.

अमजद


कानपूर, १२ डिसेंबर १९७०

अमजद्या,

तू फोटोवाला, तुला तुझ्या फोटोच्या पेटीची बाजू घेणं भाग हाय. म्हणून म्या सरळ आमच्या साहेबांना इचारलं. साहेब पुण्याचे हायेत, त्यामुळं माझ्याशी मराठीत बोलतात. आणि पुण्याचे हायेत, त्यामुळं उत्तर द्यायच्या आधी प्रश्न कुठं चुकला ते सांगतात.

ते मशीनकडनं चित्रं काढून घेतात. कागदावर पेन आपलं आपण फिरतं, भानामती झाल्यागत. घराचं चित्र काढायचं तर घराच्या एकेका कोपऱ्याला तीन आकडे: आडवं किती, उंच किती, लांब किती. इथवर आपल्याबी डोक्यात शिरतं. पर साहेब तिन्हीच्या मागं चौथा आकडा लावतात, एक. सगळ्या कोपऱ्यांच्या मागं तोच एक.

म्या म्हणालो, "साहेब, ह्यो चौथा काय काम करतो?"

"आत्ता काही नाही. पण तो असला की घर सरकवायचं, फिरवायचं, लांब न्यायचं, सगळं एकाच रीतीच्या गुणाकारात होतं. तो नसला की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी."

मला लगेच वळख पटली. करवली. हातात कऱ्हा घेऊन नवऱ्याच्या मागं नुसती उभी. तिचं लग्न न्हाई, काय न्हाई, पर ती रुसली की मांडव अडला. साहेबांना सांगितलं तर लई हसले. मग दुसऱ्या साहेबांना इंग्रजीतनं सांगितलं, तेबी हसले. माझं नाव मात्र त्यात कुठं ऐकू आलं न्हाई.

पुढं ऐक. गुणाकार झाला की करवली एकची राहत न्हाई. कोपरा जेवढा लांब तेवढी ती फुगते. आणि शेवटी तिनंच बाकीच्या आकड्यांना भागायचं. जवळच्याला दोननं भागलं, तर लांबच्याला वीसनं. म्हणून लांबचं बारीक. साहेबांनी दोन सरळ रेघा मशीनला सांगितल्या, कागदावर त्या पुढं जाऊन चिकटल्या. म्या सोता बघितलं.

लांबच्याला जास्त भागायचं ही रीत मशीनला साहेबांनी शिकवली. आमच्या घरात ती आधीपासनं हाय. औंदा दिवाळीला माझ्या वाटणीच्या करंज्या कुणाकुणात भागल्या गेल्या ते म्या इचारलं न्हाई.

तरीबी एक शंका राहते. मशीनवरच्या रेघा मुळात सरळ होत्या, कारण साहेबांनी आकडे सरळ दिले. आमच्या बांधाचे आकडे कुणी दिले? सोनबांनी. म्हणजे लांबचं बारीक दिसतं हे खरं, पर सोनबांनी खाल्लं न्हाई हे त्यातनं कुठं निघतं? दोन्ही खरं असंल. तवा दादांना इतक्यात काय कळवत न्हाई. एकदा पाठवलेलं शहाणपण लगेच परत मागवलं तर गावात इज्जत काय राहणार.

गीता काय बोलली का? उगीच इचारतो.

गेनू


भोर, २६ डिसेंबर १९७०

गेन्या,

तुझी इज्जत शाबूत आहे. बांध गेला.

सोनबामामा विंझरला थोरल्या लेकीकडं गेले होते. ती संधी साधून साहेबरावकाका आणि तुझे चुलते मानसिंगकाका टिकाव-फावडी घेऊन शेतात उतरले. साहेबरावकाका नेमके माझ्याच जागेवर उभे राहिले, माझ्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायांची भोकं अजून तिथं आहेत. फोटो डोळ्यासमोर धरलेला. मानसिंगकाका पार उंबरापाशी, बांध फोडून पलीकडं रचतायत.

"सरळ दिसला का?"

"न्हाई. अजून निमुळतं दिसतंय. सरक."

"आता?"

"सरक अजून."

सरळ दिसेपर्यंत सरकवायचा म्हटल्यावर तो कुठवर जाईल, ते तुझ्या त्या करवलीला विचार. तो सोनबामामांच्या खाचरातून, त्यांच्या पेंढ्याची उडवी पोटात घेऊन, त्यातल्या मधल्या पायवाटेला जाऊन टेकला. आता घराकडून बघितलं तर दोन्ही कडा झकास सरळ दिसतात. तिकडच्या टोकाला मात्र आख्खी यष्टी वळवता येईल.

सोनबामामा परत आले ते भांडले नाहीत. तडक भोरला माझ्याकडं आले. "अमजदभाय, आता माझ्या खाचराचाबी फोटो काढ. उंबराकडनं."

मी म्हणालो, "मामा, नका."

"साहेबरावाचा काढलास. मी काय फोटोत येत न्हाई?"

काढला. उंबराकडून काढल्यावर त्यांचं खाचर तुमच्या घराकडं निमुळतं होत गेलेलं. कापलेलं टोक जवळचं, ते रुंद दिसलं; न कापलेलं लांबचं, ते बारीक.

मग देवळापुढं पंच बसले. मलाही पेटीसकट नेलं. दोन्ही फोटो हातोहात फिरले. एकात साहेबराव तिकडच्या टोकाला नागवलेला, दुसऱ्यात सोनबा इकडच्या. पुष्कळ डोकी खाजवून झाल्यावर म्हातारे ज्ञानूपाटील म्हणाले, "दोघांचंबी कमी झालंय, हे फोटोत उघड हाय. म्हंजे जमीन तिसऱ्यानंच खाल्ली." पंचांना हे पटलं. सगळे तिसरा शोधायला लागले. कुणी उंदरांचं नाव घेतलं, कुणी बांधातल्या खेकड्यांचं. मग हळूहळू एकेकाची नजर माझ्या पेटीकडं वळली. तुझ्या चुलत्यांनी ती उचलून वजन बघितलं.

हे हसण्यावारी जाईल. पुढचं जाणार नाही. सोनबामामांनी पंचांसमोर तुझी सुपारी परत केली. भोरच्या एका कचेरीतल्या कारकुनाचं स्थळ गीताला आधीच सांगून आलं होतं, त्याला आता बघायला बोलावलंय. ती काही बोलली का, असं तू विचारलं होतंस. देवळाबाहेर मला म्हणाली, "त्यांना लिवा, फोटो लई चांगला आला."

तू स्वतः ये. साहेबरावकाका कुणाचं ऐकत नाहीत. म्हणतात, लेकानं लिहिलंय, खोडलं तर लेकच खोडील.

अमजद


कानपूर, ४ जानेवारी १९७१

अमजद्या,

तुझं पत्र मशीनच्या खोलीत वाचलं. तिथं गार असतं, तरी घाम फुटला.

यायला रजा मिळत न्हाई. मशीनला आकडे भरवायच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या पेट्या माझ्याबिगर कोण वाहणार? हां, आता कळलंच असंल खात्यात म्या काय करतो ते. चाचांनाबी सांग. वाराबी घालतो, पंखा बंद पडला की.

पर येण्यापरीस भारी काम केलंय. साहेबांच्या मागं लागून त्यांना आमचं खाचर सांगितलं: लांबट, दोन्ही टोकं सारखी रुंद, बांध आणि ताल शेजारी शेजारी सरळ. मशीननं त्याची दोन चित्रं काढली, एक घराकडनं, एक उंबराकडनं. सोबत पाठवतो. पंचांपुढं ठेव आणि समजावून सांग.

असं सांग. दोन, चार, आणि मागं करवली एक. किंवा चार, आठ, आणि मागं करवली दोन. आकडे वेगळे दिसले तरी करवलीनं भागलं की जागा तीच. तसंच हे. दोन फोटो, दोन रूपं, खाचर एकच. कुणी कुणाचं खाल्लं न्हाई. एवढं वाक्य मोठ्यानं वाच, सोनबा पुढं बसले असतील तर दोनदा वाच.

आणखी एक. चित्रात ताल आणि बांध जिथं चिकटतात ते टिंब शेतात शोधाया जाऊ नका. साहेब म्हणतात, त्याची करवली मुळातच शून्य. शून्यानं भागता येत न्हाई, म्हणून त्याला जागाच न्हाई, नुसती दिशा. तिकडं कितीबी चाला, पोचत न्हाई.

हे गीतालाबी वाचून दाखव. आणि कारकुनांचे डोळे लवकर जातात, हे तिच्या आईच्या कानावर घाल. माझ्या नावानं नको.

गेनू


पासली, २० जानेवारी १९७१

गेनू यांस,

मी सोनबांची गीता. सातवीपर्यंत शिकले, तवा हे अक्षर माझंच हाय. अमजदभाईंनी फक्त पत्ता घातला.

तुमची चित्रं पंचांनी बघितली. छान हायेत. अमजदभाईंनी उभं राहून सगळं वाचलं. करवलीचं ऐकून बायका हसल्या. कुणी कुणाचं खाल्लं न्हाई, हे दोनदा वाचलं. आमच्या आबांनी मान वर केली होती. तेवढ्यात तुमच्या दादांनी चित्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि म्हणाले, "ह्ये बघा, मशीननंबी निमुळतंच काढलंय. मशीन काय माझ्या भावकीतलं हाय?"

झालं. पंच उठले. ते चित्र आता तुमच्या घरात देवांच्या तसबिरींशेजारी लावलंय, आल्यागेल्याला दाखवतात. बांध हाय तिथंच हाय. आमची पेंढ्याची उडवी आता तुमच्या शेतात उभी हाय आणि तुमच्या म्हशी ती खात्यात. आबा तिकडं बघत न्हाईत. ते आता उंबराकडनं जायचं सोडून वरच्या अंगानं वळसा घालून जातात.

कारकून येऊन गेले. मला विचारलं, स्वैपाक येतो का. मी विचारलं, तुमाला भाताची चिखलणी येते का. आई मागनं चिमटे काढत होती. तरी त्यांनी होकार कळवला. ते बरे हायेत. भोरात ऱ्हातात, उद्याबी तिथंच ऱ्हातील. आबांनी त्यांना माघ सरेपर्यंत थांबा म्हणून सांगितलंय. का सांगितलं ते मला म्हाईत न्हाई, आणि मी विचारलं न्हाई.

करवली शून्य असली की जागा न्हाई, नुसती दिशा, असं तुमी लिवलं. सगळ्या पत्रात मला तेवढंच कळलं, आणि लगेच कळलं. आधी भोर, मग नाशिक, मग इंदूर, आता कानपूर. तुमी कायम निघालेले असता. पोचला असं कुणी सांगत न्हाई. रजा मिळत न्हाई म्हणून लिवलं, तेबी मला खरं वाटत न्हाई. मागितली होती का तुमी?

आबांनी परत केलेली सुपारी तुमच्या दादांनी घेतली न्हाई. देवळाच्या पायरीवर पडून राहिली. मग आमच्या आईनं घरी आणून कातरली आणि खाल्ली, म्हणाली वाया कशाला घालवायची. तवा जुनी सुपारी काय आता उरली न्हाई. नवी आणायची असंल तर तुमी आणायची. दादांच्या हातची चालायची न्हाई, टपालानं तर न्हाईच न्हाई.

आणि बांध तुमी सोता फोडायचा आणि होता तिथं घालायचा, सगळ्यांच्या देखत. आमी हात लावणार न्हाई. मी बघायला येईन.

गीता


कानपूर, २९ जानेवारी १९७१

गीता,

वर काय मायना लिवावा ह्यात एक सकाळ गेली. आधी चि. सौ. कां. लिवलं. मग तो कारकून डोळ्यापुढं आला, खोडलं. नुसतं नाव ठेवलंय, ते तरी बदललेलं नसंल.

रजा मागितलीच नव्हती. तुला पासलीत बसून हे कसं कळलं ते तूच जाणे. हितं एवढे साहेब हायेत, कुणाला कळलं न्हाई. येऊन तोंड काय दाखवायचं, ह्याची भीती होती. पत्रात तोंड दिसत न्हाई, म्हणून म्या पत्रं लिवत बसलो. चित्रं पाठवली तीबी त्याच्यासाठीच. त्या चित्रांनी माझ्या बापाला आणखी घट्ट केलं, हे वाचून आधी हसू आलं, आणि मग जेवण गेलं न्हाई.

काल रजा मागितली. साहेब म्हणाले, "कशाला?"

"बांध फोडायला."

"कुणाचा?"

"बापानं घातलेला. माझ्या सांगण्यावरनं."

साहेब म्हणाले, "एक बांबू घे. अलीकडच्या टोकाला ताल ते बांध जेवढा भरेल तेवढा तोड, आणि तोच पलीकडच्या टोकाला आडवा लाव. चित्राच्या नादी लागू नको."

म्या म्हणालो, "साहेब, हे आधी सांगायचं न्हाई का?"

"तू चित्र मागितलंस. मी चित्र दिलं."

पुण्याचे. त्यांच्याशी काय बोलणार.

यष्टीतनं उतरलो की आधी तुमच्या घरी येणार, मग आमच्या. दादा आरडाओरडा करतील, करू देत. टिकाव तुमच्याकडचाच लागंल. आमच्या घरातला मागितला तर दादा तो लपवतील. आबांना इचारून ठेव, देतील का. उडवीतला जेवढा पेंढा आमच्या म्हशींनी खाल्ला तेवढा म्या भरून देईन, पर तो आमच्या म्हशींच्या तोंडचा काढून द्यावा लागंल, तवा म्हशीबी माझ्यावर रुसणार हायेत. गावात माझ्यावर न रुसलेलं कुणी उरलं असंल तर त्यालाबी बांधावर बोलाव. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

सुपारी भोरच्या बाजारात घेईन. ती आबांच्या हातात द्यायची का तुझ्या, ते म्या तिथं आल्यावर तुझ्या तोंडाकडं बघून ठरवीन. आणि कुणीच हात पुढं केला न्हाई, तर बांध तेवढा नीट घालून परत जाईन. ते काम सुपारीवर अवलंबून ठेवलेलं न्हाई.

साहेबांनी रजेचा कागद पुढं ओढला, पेन उघडलं आणि इचारलं, "किती दिवसांची लिहू?"

म्या म्हणालो, "ते सोनबा ठरवतील."

गेनू